बार्टन फिंक: गच्चीवरची कुस्ती बरोबरीत सुटली

आधीच सांगतो, पिच्चर १९९१ चा आहे, इंग्लिश आहे, एक तास छप्पन मिनिटांचा आहे आणि घरच्यांना बसवून दाखवायचा तर स्वतःच्या जबाबदारीवर दाखवा, नंतर मला बोलायचं नाही. आम्ही गेल्या शनिवारी बघितला, मित्राचा प्रोजेक्टर आणला, गच्चीवर चादर ताणली, भडंग केलं. मी, वहिनी, दाजी, मित्र आणि शेजारचे काका असे पाच जण. पिच्चर संपल्यावर पाच जणांचं एकमत फक्त भडंगावर झालं.

शेजारचे काका म्हणजे तरुणपण तालमीत घालवलेला माणूस, मोडलेले कान अजून साक्षीला आहेत. त्यांना मीच कुस्तीचा पिच्चर आहे म्हणून बोलावलं होतं. अगदीच खोटं नव्हतं ते.

गोष्ट अशी की १९४१ साल आहे, न्यूयॉर्कात एक नाटक गाजलेला लेखक बार्टन, म्हणजे जॉन टर्टुरो, त्याला हॉलिवूडच्या स्टुडिओनं बोलावून घेतलंय आणि मालक म्हणतो कुस्तीचा पिच्चर लिही, हिरो वॉलेस बिअरी. ह्या बाबाला कुस्तीतलं ओ की ठो माहीत नाही. उतरतो एका भकास हॉटेलात, टाइपरायटरवर दोन-चार ओळी बडवतो आणि तिथंच गाडी रुतते. मग आपण काय बघायचं? भिंत बघायची. वॉलपेपर सुटतोय आणि मागनं खळ गळत्येय, पिवळट, चिकट, तो माणूस परत परत हाताने दाबतोय आणि ती परत सुटत्येय. गणपतीत मंडळाची पोस्टरं चिकटवायला आम्ही खळ शिजवायचो तिचा वासच आला मला. आणि ती काउंटरवरची घंटी! एकदा वाजवली तर थांबायचं नावच घेत नाही, शेवटी जमिनीतल्या झाकणातनं एक पोरगा वर येतो आणि बोट ठेवून ती बंद करतो. इथं वहिनी आणि मी खो खो हसलो आणि दाजींनी विचारलं, "यात हसण्यासारखं काय झालं?" झालं, तिथनंच दोन पार्ट्या पडल्या.

दाजी अर्ध्यातच घोरायला लागले. त्यांचं म्हणणं साधं आहे, लिहायला येत नसेल तर पैसे परत दे आणि घरी जा, त्यावर दोन तास पिच्चर कशाला काढायचा. चुकीचं नाही हो ते. मधला भाग ओढल्यासारखा आहेच, मलापण दोनदा मोबाइल बघावासा वाटला. पण एका रात्री तो लेखक एक डास मारतो आणि तिथनं पिच्चरनं जो गिअर टाकलाय, दाजी नेमके तेव्हा झोपलेले. पुढचं सांगत नाही. रक्त आहे, पोरं झोपल्यावर लावा.

वहिनी टीव्ही मालिकांचे संवाद लिहून मुंबईला पाठवते, त्यामुळं स्टुडिओचा मालक आला की तिला उकळ्या फुटायच्या. मायकल लर्नरनं काय केलंय तो! आधी लेखकाचे पाय धरायचे बाकी ठेवतो आणि काम झालं नाही की त्याच तोंडानं सालटं काढतो. ह्या रोलसाठी त्याला ऑस्करचं नामांकन होतं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, लिहिताना अडकणं, रायटर्स ब्लॉक बिक सगळं ज्याला मुदत नसते त्याला होतं, मला उद्या सकाळी पानं द्यायची असतात." पण तिचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर निघाला. पिच्चरमधे एक दारुडा मोठा कादंबरीकार आहे, आणि त्याचं लिखाण खरं तर त्याची सेक्रेटरी करून देते, हे कळल्यावर वहिनी एकदम गप्प झाली. नंतर म्हणाली, त्या बाईवर पिच्चर काढायला पाहिजे होता. हे मला काही खोडता आलं नाही. तो दारुडा विल्यम फॉकनरवरनं उचललाय म्हणतात, आणि गंमत म्हणजे खऱ्या फॉकनरला १९३२ साली एमजीएम ह्या हॉलिवूडच्या स्टुडिओनं खरोखरच वॉलेस बिअरीच्या कुस्तीच्या पिच्चरला जुंपलं होतं. पुढं नोबेल मिळालेला माणूस!

मित्राला सगळ्याचा अर्थ लागलेला होता. हॉटेल म्हणजे नरक, ते दोन पोलिस एक जर्मन आडनावाचा एक इटालियन, म्हणून हिटलर-मुसोलिनी, १९४१ साल, महायुद्ध. असेल बाबा. पण प्रत्येक सीनला थांबवून समजावून सांगणारा माणूस शेजारी असला की नरकासाठी हॉटेलपर्यंत जावं लागत नाही.

आता काका. इंग्लिश येत नाही, खालच्या पट्ट्या भराभर जातात, मी कानात भाषांतर करत होतो. अर्धा तास माणूस गप्प. मग शेजारच्या खोलीतला चार्ली येतो, जॉन गुडमन, इन्शुरन्स विकणारा, अंगानं हा एवढा. तो लेखकाला म्हणतो ये, कुस्ती दाखवतो, आणि दोघं हॉटेलच्या खोलीत जमिनीवर गुडघ्यावर येतात. काका खुर्चीतनं पुढं सरकले. "आरं ह्यो कब्जा घ्यालाय बघ! खालच्याला काय बी येत न्हाई." आणि दुसऱ्या क्षणाला लेखक उताणा. काका खूश, म्हणाले ह्या जाड्याला खेळ म्हाईत हाय.

मग काका जे बोलले ते मी कुठल्या रिव्ह्यूत वाचलेलं नाही. म्हणाले, "मर्दा, कुस्ती म्हाईत असल्याला माणूस भिंतीपल्याड ऱ्हातोय, सोताहून सांगायला येतोय, आणि ह्यो त्येला बोलू बी देईना. ह्येला पहाटं चारला तालमीत धाडा, हौदा उकरायला लावा, पंधरा दिवसांत लिहील." पिच्चरची नस हीच आहे. हा लेखक सामान्य माणसाचं नाटक सामान्य माणसासाठी लिहिणार म्हणून भाषण ठोकत असतो, आणि समोरचा सामान्य माणूस माझ्याकडं लय गोष्टी आहेत म्हणाला की त्याचं बोलणं तोडून परत स्वतःचंच सुरू. मी ह्याआधी दोनदा बघितलाय पिच्चर, दोन्ही वेळा मला लेखकाचीच कीव आली होती. काकांमुळं ह्यावेळी पार्टी बदलली.

आणि कोल्हापुरात बसून बघताना अजून एक डोक्यात आलं. आपल्याकडं शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान आणि नाटकाचं पॅलेस थिएटर, म्हणजे आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह, अगदी एकमेकांना खेटून बांधलंय. नाटकवाला आणि पैलवान, मधे भिंत फक्त. त्यामुळं शेवटाकडं हॉटेलचा तो लांबलचक पॅसेज पेटतो तेव्हा गच्चीवर कोण काही बोललं नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळताना आमच्यातले तिघं तिथं रस्त्यावर उभे होते. मित्रानंपण तेवढा एक सीन समजावून सांगितला नाही.

बाकी माहिती अशी की जोएल आणि इथन कोएन ह्या भावांनी हा पिच्चर तीन आठवड्यांत लिहिला, तेही मिलर्स क्रॉसिंग ह्या त्यांच्याच दुसऱ्या पिच्चरची गोष्ट लिहिताना अडकले म्हणून! फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला पाल्म दोर म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, दिग्दर्शन आणि अभिनय अशी तिन्ही बक्षिसं ह्यालाच मिळाली. आणि गल्ला? खर्च साधारण ९० लाख डॉलर, अमेरिकेत जमले ६० लाखांच्या आसपास. म्हणजे तिकडंपण दाजी बरेच निघाले. कॅमेरा रॉजर डीकिन्सचा, एका ठिकाणी तो बेसिनच्या भोकातनं खाली उतरतो, तेवढ्यासाठी तरी मोबाइलवर बघू नका.

मी पाचात चार देतो. एक कापला तो मधल्या ओढाताणीचा आणि वहिनीच्या मुद्द्याचा. काकांनी दोन दिले, आणि तेही चार्लीला. त्यांची तक्रार एकच, पिच्चरमधे एक बांधलेलं खोकं आहे, ते शेवटपर्यंत उघडत नाहीत. "खासबागेत अशी कुस्ती सोडवली असती तर लोकांनी पंचाला मातीत घातला असता. पैसं देऊन आल्याला माणूस निकाली कुस्ती मागतोय." मित्र म्हणाला काका, न उघडणं हाच तर अर्थ आहे. काका म्हणाले, तू गप.

पुढच्या शनिवारचा पिच्चर दाजी निवडणार आहेत. काकांची अट आहे, कुस्ती नसली तरी चालंल, पण खोकं असलं तर उघडून दाखवायचं.