झेरॉक्समध्ये न आलेला रकाना

शिवाजी पेठेतील एक जुना दुमजली वाडा मी गेल्या वर्षी खरेदी केला आणि खरेदीखत नोंदवल्यानंतर चौथ्या महिन्यात तो वारसा वास्तूंच्या यादीत असल्याचे मला समजले. जुने घर पाडून तेथे नवे बांधण्याच्या हिशेबाने कोणी कोल्हापूरच्या पेठांमध्ये मिळकत पाहत असेल, तर माझी फसवणूक नेमकी कोठे झाली हे त्याला ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मी डोळे झाकून व्यवहार केला नव्हता. मिळकत पत्रिकेचा उतारा काढला, वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही दिली. यातून मालकी आणि बोजा यांची खात्री झाली. वारसा यादीची नोंद मात्र मिळकत पत्रिकेवर नव्हती आणि दुय्यम निबंधकांच्या दप्तरात ती शोधून सापडणारी नव्हती. कोरीव सागवानी खांब आणि घडीव दगडाचे जोते पाहून मला शंका आली, म्हणून मी एजंटला स्पष्टच विचारले. दुसऱ्या दिवशी त्याने यादीची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "बघा की साहेब, मालकांचं नाव हाय का कुठं?" नाव नव्हते. सोबत महापालिकेची महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खालील धोकादायक इमारतीची नोटीस दाखवून "म्हापालिकाच पाडा म्हणतीया" अशी पुस्तीही त्याने जोडली. ती नोटीस मी नीट वाचली असती, तर इमारत पाडावी अथवा दुरुस्त करावी असे दोन्ही पर्याय तिच्यात होते.

पुढे आमचे आर्किटेक्ट नकाशे घेऊन नगररचना विभागात गेले, तेव्हा उलगडा झाला. विक्रेत्याच्या आजोबांनी ज्या घराण्याकडून हा वाडा घेतला, त्या घराण्याच्या नावाने तो यादीत आहे, आणि शेवटच्या रकान्यात सिटी सर्व्हे नंबर आहे, तो माझाच. घरी येऊन मी जुनी झेरॉक्स काढली. तिच्यात उजवीकडचा तो रकानाच नव्हता. कागद सरकवून प्रत काढल्यामुळे डाव्या बाजूला दोन बोटे रुंद काळी पट्टी उमटली होती. चार महिने ती माझ्याच फाइलमध्ये होती.

यादीतील इमारत पाडायचीच काय, तिची दुरुस्ती, गिलावा किंवा रंगकाम करायचे तरी वारसा समितीच्या सल्ल्याने पूर्वपरवानगी लागते. यादीतील वास्तूंच्या श्रेणी असतात: श्रेणी एकमध्ये बदलाला जवळजवळ वाव नसतो, दोनमध्ये आतील बदल छाननीनंतर होऊ शकतात आणि तीनमध्ये थोडी अधिक मोकळीक असते, त्यामुळे यादीत नाव आहे का एवढेच विचारून भागत नाही, श्रेणीही विचारावी लागते. पन्हाळ्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाजवळ प्लॉट घेणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे: तेथे संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगीने, मग तुमचे स्वतःचे घर कितीही साधे असो.

विक्रेत्याने दोष लपवला म्हणून कायदा आपल्या बाजूने उभा राहील, हा माझा समज अर्धाच खरा निघाला. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याने सांगायचा तो खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष; आणि यादी तर जाहीर असते. करार कायदा 1872 मध्येही नुसत्या मौनाबाबत असाच अपवाद आहे. शिवाय "मिळकत समक्ष पाहून व सर्व खात्री करून घेतली आहे" या खरेदीखतातील नेहमीच्या वाक्याखाली माझीच सही आहे. जाणूनबुजून केलेली लपवाछपवी मात्र त्या अपवादात बसत नाही, असे आमच्या वकिलांचे म्हणणे आहे, म्हणून त्या काळ्या पट्टीला आता किंमत आली आहे.

इसार देण्यापूर्वी नगररचना विभागाकडे लेखी अर्ज करावा आणि त्यात मालकाचे नाव न देता सिटी सर्व्हे नंबर द्यावा. त्याच नंबरवर पूर्वी बांधकामाचा किंवा पाडकामाचा अर्ज येऊन नाकारला गेला आहे का, हेही माहितीच्या अधिकारात विचारावे; दहा रुपयांच्या शुल्कात तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. मी हा अर्ज खरेदीनंतर केला. उत्तरासोबत मला त्याच विक्रेत्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या पाडकामाच्या अर्जाची आणि वास्तू वारसा यादीत असल्याने तो नामंजूर केल्याच्या पत्राची साक्षांकित प्रत मिळाली. दोन्ही प्रती झेरॉक्ससह न्यायालयात दाखल केल्या आहेत.