गॅरेजातला सेन्सरचा दिवा: सोलापुरी उन्हाळ्यासकट एक वर्ष

आमच्या गॅरेजात गाडीचा नंबर शेवटचा. आधी शेंगदाण्याची पोती, मग कडक भाकरीचे पत्र्याचे डबे, मग मिल बंद पडली तेव्हा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आठवण म्हणून आणलेले मागावरचे दोन धोटे आणि एक मोडकी खुर्ची. उरलेल्या जागेत ह्यांची गाडी. घर जुळे सोलापुरात, गॅरेज दहा बाय सतरा फूट, वर पत्रा, पुढं शटर. दिव्याचं बटण मात्र घरात उघडणाऱ्या आतल्या दाराशी. म्हणजे शटर वर करून बाहेरून आलात की अख्खं गॅरेज चाचपडत पार करायचं आणि मग दिवा लावायचा. तिथं बटण घ्यायचं कुणाला सुचलं विचारू नका, ह्यांनाच सुचलं.

माझा भाकरी-चटणीचा घरगुती धंदा. रात्रीच्या पुण्याच्या गाडीला डबे द्यायचे असतात, त्यामुळे आठ-साडेआठला दोन्ही हातांत डबे घेऊन माझ्या येरझाऱ्या चालू. जुनी ट्यूब एकदा लावली की सकाळपर्यंत तशीच राहायची, रात्रीला अर्धं युनिट हकनाक. पण खरं कारण वीजबिल नव्हे. गेल्या वर्षी नोव्हेंबरात मामा रात्री औषधाची पिशवी गाडीत राहिली म्हणून उठले आणि डब्याच्या कडेवर नडगी आपटली. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाची नडगी, महिनाभर चिघळली. मग ठरवलं, माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बसवायचा.

नवी पेठेतल्या एका दुकानातून दोन वस्तू आणल्या. शटरजवळच्या होल्डरसाठी आतच सेन्सर असलेला ९ वॅटचा बल्ब, ३२० रुपये. आणि आतल्या दाराशी लावायला वेगळा, छताला बसणारा गोल सेन्सर, ४५० रुपये, त्यावर २० वॅटची एलईडी पट्टी चालते. दोन्ही पीआयआर जातीचे. हा सेन्सर स्वतः काही सोडत नाही. अंगाच्या उष्णतेचे अवरक्त किरण असतात ना, ते टिपतो. वरचं पांढरं, खवल्याखवल्यांचं प्लॅस्टिक म्हणजे भिंग, त्यानं खोलीचे फाकेफाके पडतात. एका फाकेतून दुसऱ्या फाकेत गरम वस्तू सरकली की दिवा लागतो. म्हणून समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो. हे मला दुकानदारानं सांगितलं नाही, धाकट्यानं सांगितलं, आणि तेही वायरमननं सेन्सर बरोबर वाटेच्या नाकासमोर ठोकल्यावर.

वायरमन आमचा नेहमीचा. आला, खोका उलटासुलटा केला, म्हणाला, "काकू, ह्याला न्यूट्रल लागतंय की. तुमच्या बोर्डात निस्ता फेज हाय." बल्बला काही करावं लागत नाही, होल्डरात फिरवला की झालं. पण वेगळ्या सेन्सरला तीन वायरी: तपकिरी फेजची, निळी न्यूट्रलची आणि लाल दिव्याकडं जाणारी. जुन्या घरांत बटणाच्या डब्यात न्यूट्रल नसतो, तो जंक्शनमधून ओढून आणावा लागतो. आमच्याकडं वायर झाकायची नऊ फूट नवी पट्टी भिंतीवर मारावी लागली. पहिल्यांदा त्यानं तपकिरी आणि लाल एकत्रच जोडल्या, दिवा विझेचना. मेन बंद करून पुन्हा जोडलं. मजुरी ३५०, पट्टी-वायर वेगळी.

सेन्सरच्या पोटात दोन बारक्या खुंट्या असतात, स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायच्या. एक वेळेची, आमच्या सेन्सरवर १० सेकंदांपासून साधारण ७ मिनिटांपर्यंत. दुसरी किती अंधार पडल्यावर काम करायचं त्याची. वायरमन वेळ १० सेकंदांवर ठेवून गेला. मी टेबलाशी बसून भाकऱ्या मोजत होते. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि अंधार. हात हलवला, उजेड. पुन्हा बावन्नला अंधार. स्थिर बसलेला माणूस पीआयआरला दिसत नाही, आणि भाकरी मोजणारी बाई फार हलत नाही. शेवटी टेबलावर साधी ट्यूब, साधं बटण. बसून कामाची जागा असेल तिथं सेन्सर लावूच नका, चिडचिड होते.

हिवाळाभर मात्र दिव्यानं मन जिंकलं. गड्ड्याच्या यात्रेत दारूकाम बघून रात्री उशिरा आलो, शटर अर्धं वर गेलं तोवर दिवा लागला. मामा आधी म्हणत होते, "दिवा काय माणूस वळखून लागतो व्हय गं?" नंतर तेच पाहुण्यांना घेऊन जायचे, "उभं ऱ्हावा इथं, आता बघा." मिलमध्ये तीस वर्षं रातपाळ्या केलेल्या माणसाला दिव्याचं कौतुक निराळंच.

वीज जाऊन आली की दोन्ही दिवे अर्धा मिनिटभर आपोआप लागतात, मग शांत होतात. सेन्सर तेवढ्या वेळात स्थिरावत असतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं कोणी शिरलंय.

आता उन्हाळा. हे परीक्षण लिहायचं कारणच तो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दिवा दगा द्यायला लागला. साडेआठला डबे घेऊन गेले, अंधार. दोन पावलं, तीन पावलं, गाडीच्या डिकीपर्यंत पोचले तरी अंधार. मग उड्या मारल्यासारखं केलं तेव्हा कुठं लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला शटर बंद असताना दाणे काढायला गेले तर पटकन लागला. म्हटलं सुधारला. रात्री पुन्हा आंधळा. असं आठ दिवस चाललं. दुपारी लागायचा, रात्री नाही. मी वायरमनला शिव्या घातल्या, त्यानं येऊन वायरी तपासल्या, सगळं ठीक. मामा म्हणाले, पोरी, त्यालाबी रातपाळी नको असंल.

उत्तर धाकट्यानं काढलं. त्यानं गॅरेजात घड्याळासारखं थर्मामीटर टांगलं. दुपारी दोनला पत्र्याखाली ४६. रात्री साडेआठला ३५-३६. आणि आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५. म्हणजे रात्रीच्या त्या तासाला भिंत, पोती, गाडी आणि मी, सगळे एकाच उष्णतेचे. सेन्सरला फरक हवा, आणि फरकच उरला नाही. दुपारी उलट, सगळं गॅरेज तापलेलं आणि त्यात मीच थंड, म्हणून मी सरकले की त्याला कळायचं. पत्रा दिवसभर तापून रात्री हळूहळू निवतो, तेव्हा वाटेत एकदा तो माणसाच्या अंगाएवढा गरम होतोच. आणि आमच्या पुण्याच्या गाडीची वेळ नेमकी तीच.

मग आम्ही खोका शोधला. रद्दीत होता. मागं बारीक अक्षरात लिहिलेलं: किती लांबून ओळखतो, ६ मीटर. पुढं कंसात, २४ अंशांखाली. चोवीस! सोलापुरात चोवीस म्हणजे डिसेंबरात मफलर गुंडाळायची वेळ. इथं एप्रिल-मेमध्ये ४३ अंश बातमीसुद्धा होत नाही. थोडक्यात, आमच्या गावात या दिव्याचं सहा मीटरचं वचन थंडीपुरतं. महाग सेन्सरांत तापमानाप्रमाणे संवेदनशीलता वाढवायची सोय असते, पण फरक शून्यावर आला तर तीही काय करणार.

दुसरा उपाय म्हणून ६९० रुपयांची मायक्रोवेव्ह सेन्सरची पट्टी आणली. हा सेन्सर रडारसारखा, ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि हलणाऱ्या वस्तूवरून परत येणाऱ्या लहरी ओळखतो. उष्णतेशी त्याला देणंघेणं नाही. मेमध्ये रात्री साडेआठला एक पाऊल टाकलं की लख्ख. मी खूश. पण त्याला दिसायला फार लागलं. आतलं दार प्लायवूडचं, त्यातून लहरी आरपार जातात, त्यामुळे स्वयंपाकघरात मी कणीक मळली तरी गॅरेजात दिवाळी. शटर लोखंडी, त्यातून लहरी जात नाहीत, पण वळवाच्या वाऱ्यानं शटर थरथरलं की तेच हलताना दिसतं. आणि पंखा! मेमध्ये गॅरेजात पंख्याशिवाय उभं राहवत नाही, आणि पंखा फिरतोय तोवर हा दिवा विझत नाही. पंधरा दिवसांत ती पट्टी काढून घरातल्या जिन्यात लावली. तिथं पंखा नाही, वारा नाही, आणि बिचारी छान चालतेय.

शेवटी टिकलेली जुळणी अशी. गोल सेन्सर वाटेच्या समोरून काढून बाजूच्या भिंतीकडं सरकवला, म्हणजे शटरकडून येणारा माणूस त्याच्यापुढून आडवा जातो. एवढ्यानंच मेमधली निम्मी कटकट गेली. आणि वायरमनकडून सेन्सरला वळसा घालणारं एक बटण शटरच्या आत डाव्या हाताला बसवून घेतलं. ते दाबलं की फेज थेट दिव्याला जातो, सेन्सर गेला खड्ड्यात. एप्रिल ते जूनचा पहिला पाऊस तेच वापरते, बाकी नऊ महिने सेन्सर. सुरुवातीलाच बटण तिथं असतं तर हे सगळं झालंच नसतं, असं हे म्हणतात. मी उत्तर देत नाही.

पावसाळ्यात शटरजवळच्या बल्बनं वेगळाच खेळ केला. रात्री दोनला लागायचा, विझायचा, लागायचा. मामा काठी घेऊन दोन रात्री बसले. तिसऱ्या रात्री मी त्यांच्याबरोबर बसले. बल्बच्या मधोमध सेन्सरची वाटाण्याएवढी टिकली, उजेडावर जमलेले किडे, आणि त्यांच्यावर टपलेली एक पाल. ती टिकलीवरून हळूच शेपूट ओढत गेली, आणि दिवा लागला. उजेड पडला की आणखी किडे यायचे, तिचं तर बरंच चाललं होतं. म्हणून सांगते, बल्बमध्येच सेन्सर असलेला प्रकार स्वस्त आणि सोपा, पण जिथं किडे तिथं डोळा. वेगळा सेन्सर दिव्यापासून दोन-तीन फूट लांब ठेवता येतो. त्याला हा त्रास वर्षभरात एकदाही झाला नाही. शटर उघडं असताना गल्लीतली कुत्री दिसू नयेत म्हणून आम्ही त्याच्या भिंगाच्या रस्त्याकडच्या भागावर काळी चिकटपट्टी लावली आहे, तेही चालतं.

आरसीसी छताचं गॅरेज असेल, संध्याकाळी निवत असेल, तर वेगळा पीआयआर सेन्सर डोळे मिटून घ्या. पत्रा असेल तर घ्या, पण बटणासकट. काचेतून तो बघत नाही, तेव्हा गाडीत बसून दिवा लागण्याची वाट बघत बसू नका. आमचे हे बसतात.

गेल्या आठवड्यात कामासाठी नवी पेठेत गेले होते तेव्हा तो रिकामा खोका मुद्दाम पिशवीत घातला. दुकानदारापुढं ठेवून कंसातल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, डोळ्याजवळ धरून वाचलं, बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. "काकू," तो म्हणाला, "कंपनी शिमल्याची असंल." पैसे काही परत दिले नाहीत. जिन्यासाठी एक बटण हवं होतं, सहा अँपिअरचं, पांढरं, तेवढं मात्र त्यानं तसंच दिलं.