शिकाऊ उमेदवारांची नोंदणी: परभणीतल्या केंद्राचा माझा अनुभव

मी परभणीचा गुत्तेदार. जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्या, नाल्या, छोटे पूल अशी कामं घेतो. माणसं 40 वर गेली तेव्हा कळलं की 30 किंवा जास्त माणसं असली की शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. ठेक्यावरची माणसंही त्यात मोजतात.

स्टेशनजवळच्या एका लहान सेवा केंद्रात गेलो. तिथल्या ताईंनी 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा साध्या भाषेत समजावला, सरकारी पोर्टलवर नोंदणी केली, करारनामा भरून दिला. विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार थेट पोराच्या खात्यात टाकतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं!

जिंतूरकडचं आयटीआय झालेलं एक पोरगं घेतलं. पहिल्या आठवड्यात ओळंबा धरता येत नव्हता. आता विटेचा थर सुतात लावतंय, आमचे म्हातारे गवंडी त्याला शेजारी बसवून जेवतात. ते बघून लई बरं वाटतं.

एकच तक्रार. शिकाऊ उमेदवारीच्या शेवटी परीक्षा असते, हे त्यांनी आधीच सांगायला पाहिजे होतं. पोराची तयारी उशिरा सुरू झाली.

जाताना उमेदवाराचं आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, ते बघूनच जा. माझी एक चक्कर त्यातच वाया गेली.