संकेतस्थळावरच्या देणग्या आमच्या खतावणीत आल्याच नाहीत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचा एक छोटा शिष्यवृत्ती निधी आहे आणि त्याचे कोषाध्यक्षपद माझ्याकडे आहे. आमचे बरेचसे देणगीदार म्हणजे मूळची इथलीच, पण नोकरीनिमित्त पुण्याला, नागपूरला गेलेली मराठी कुटुंबे. त्यांच्या सोयीसाठी २०२३ साली आम्ही संकेतस्थळ करायचे ठरवले आणि ओळखीतून आलेल्या एका व्यावसायिकाला ते काम दिले. संकेतस्थळ आणि देणगीदारांची नोंदवही एकमेकांना जोडलेली असतील, ही नोंदवहीची प्रणाली आपण स्वतः घडवलेली आहे, असे सांगून त्याने कामाचे ६०,००० रुपये घेतले आणि परवान्याचे म्हणून दरवर्षी १८,००० रुपये ठरवून घेतले.

कार्यकारिणीपुढे त्याने प्रात्यक्षिक दाखवले. अर्जात एका सदस्याचे नाव भरले, बटण दाबले, आणि दुसऱ्या पडद्यावर त्या सदस्याच्या खात्यात देणगीची नोंद लगेच उमटली. कीर्दीतून खतावणीत हाताने नोंदी उतरवण्यात आयुष्य गेलेल्या आम्हा मंडळींना ते पाहून आनंदच झाला.

२०२४ च्या जूनमध्ये पुण्याच्या एका काकूंचा फोन आला. “अहो, गणपतीत पाठवलेल्या अकरा हजारांचं सर्टिफिकेट अजून कसं आलं नाही?” तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ८०जी खालील करसवलतीसाठी संस्थेला आदल्या आर्थिक वर्षातील देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडीमध्ये भरावे लागे, आणि त्यात ज्यांची नावे असत त्यांचेच १०बीई प्रमाणपत्र निघे. आम्ही ते विवरण नोंदवहीवरून वेळेत भरले होते. काकूंचे नाव नोंदवहीत नव्हते, त्यांची रक्कम बँकेच्या उताऱ्यातही नव्हती. त्यांच्याकडे मात्र आमच्या निधीच्या नावाची, क्रमांक नसलेली पावती ई-मेलने पोहोचली होती. पैसेच आमच्याकडे आले नसल्याने सुधारित विवरण भरण्याचीही सोय राहिली नाही.

त्यानंतर माझ्या भाच्याने दोन रात्री बसून सगळे तपासले, तेव्हा उलगडा झाला. ‘स्वतः घडवलेली’ प्रणाली म्हणजे वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बसवलेले सिव्हीसीआरएम होते. स्वयंसेवी संस्थांसाठी २००५ पासून विकसित होत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर वर्डप्रेस, द्रुपल आणि जूमला या तिन्हींबरोबर चालते, आणि त्याला वार्षिक परवाना शुल्क नसते. ते बसवून देण्याचे, सांभाळण्याचे पैसे घेणे गैर नाही, उलट ते द्यावेतच. मात्र मूळ कर्त्यांचे नाव आणि परवाना पुसून ते आपले म्हणून खपवण्याची मुभा त्याचा एजीपीएल परवाना देत नाही.

खरी जोडणी कशी असते, हे मला तेव्हा प्रथमच कळले. देणगीचे पान वर्डप्रेसमध्ये दिसत असले तरी ते सिव्हीसीआरएमनेच तयार केलेले असते. देणगीदाराने अर्ज भरला की ई-मेल ताडून जुने खाते शोधले जाते, नसल्यास नवे उघडले जाते. नोंद आधी ‘प्रलंबित’ राहते आणि पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून खात्यात पोहोचवणाऱ्या सेवेकडून, पैसे मिळाल्याचा संदेश थेट सर्व्हरला आला की ‘पूर्ण’ होते, व्यवहार क्रमांक चिकटतो, पावती निघते. या साखळीत मधे माणूस नसतो.

आमच्याकडे मधे माणूसच होता. प्रात्यक्षिक दाखवले गेले ते या प्रणालीतल्या चाचणीच्या सोयीवर, जिथे खोट्या गेटवेतून एक पैसाही न हलता नोंद उमटते. त्या नोंदीपुढे कंसात ‘टेस्ट’ असे छापलेले होते, ते आम्हा सात जणांपैकी एकानेही वाचले नाही. संकेतस्थळावरचा प्रत्यक्ष अर्ज वेगळाच होता आणि तो त्याच्या स्वतःच्या गेटवे खात्याला जोडलेला होता. आलेल्या देणग्यांतील काही तो दरमहा एका रकमेत आम्हाला पाठवी आणि तेवढीच नावे नोंदवहीत हाताने भरी. म्हणूनच एकाही नोंदीला व्यवहार क्रमांक नव्हता. मी विचारले तेव्हा “गेटवे एकत्रच रक्कम पाठवते” असे त्याने उत्तर दिले होते. ते अर्धे खरे आहे. रकमा एकत्र येतात, पण त्यातील प्रत्येक व्यवहाराचा तपशील देणारा अहवाल खातेदाराला मिळतो, आणि खातेदार आम्ही नव्हतोच. खाते निधीच्या नावाने, निधीच्या पॅनवर उघडावे लागते, हे मी कोषाध्यक्ष असून विचारले नाही, ही चूक माझी.

१९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली आहे. नोंदवहीतील माहिती भाच्याने बाहेर काढून घेतली होती, म्हणून ती वाचली. संकेतस्थळाचे नाव मात्र त्या गृहस्थाच्याच नावावर नोंदलेले निघाले आणि ते परत मिळालेले नाही. आम्ही नव्या नावाने पान सुरू केले आहे. दर बैठकीत कोणीतरी स्वतःच्या कार्डावरून ११ रुपये देतो आणि ते नोंदवहीत, गेटवेच्या अहवालात व बँकेच्या उताऱ्यात एकाच व्यवहार क्रमांकाने उतरले का, ते मी पाहतो. जुन्या नावावरचे ‘देणगी द्या’ हे बटण आजही चालू आहे.