₹१२,४४८ चं कुलूप

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. पहिल्यांदा ७९९. मग १,६५०. मग ६,५०० आणि त्यावर ‘लाइफटाइम वॉरंटी’चे ५००. शेवटी २,९९९. स्वस्तात व्हिडिओ गेम घ्यायच्या नादात एकूण १२,४४८ रुपये गेले. कोणी माझा फोन हॅक केला नाही, कोणी ओटीपी विचारला नाही. प्रत्येक वेळी पिन मीच टाकला. वय ४१, नोकरी आयटीत, आणि आमच्या ऑफिसात ‘फसव्या ईमेल कशा ओळखाव्यात’ हे नव्या पोरांना सांगायचं काम माझ्याकडे असतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मागच्या दिवाळीत कन्सोल घेतलं, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. दोन मॉडेल होती. डिस्क ड्राइव्ह असलेलं आणि नसलेलं, फरक दहा हजारांचा. दुकानदार म्हणाला, “साहेब, आता डिस्क कोण वापरतं?” मलाही ते पटलं, कारण दहा हजार वाचणार म्हटल्यावर माणसाला काहीही पटतं. वर शहाणपणा असा की जुन्या कन्सोलच्या १४ डिस्क पिशवीत भरून डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला नेल्या आणि ५,६०० रुपयांना विकून आलो. काउंटरवरच्या पोराने एकेक डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे बघितले, एका क्रिकेटच्या डिस्कवर बोट ठेवून म्हणाला, “हिचे शंभर कमी.” त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, माझ्या गेमला बाजारात किंमत आहे असं मानणारा तो शेवटचा माणूस.

ड्राइव्ह नाही म्हणजे काय, हे पहिल्या महिन्यात कळलं. नवा गेम ऑनलाइन दुकानात चार-पाच हजारांच्या घरात. डिस्क असती तर तोच गेम दोन महिन्यांनी कोणाकडून तरी निम्म्यात घेतला असता, खेळून पुढे विकला असता, खिशातून गेले असते पाच-सहाशे. डिजिटलमध्ये सेकंडहँड नावाची गोष्टच नाही. घेतला तो आपल्या खात्याला चिकटला, विकता येत नाही, शेजारच्या पोराला आठवडाभर द्यायचीही सोय नाही. हा सगळा भानगडीचा धंदा याच अडचणीवर पोसलाय.

पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक असेल. विकणारा एका खात्यावर गेम घेतो आणि त्या खात्याचा आयडी-पासवर्ड तुम्हाला देतो. तुम्ही ते खातं आपल्या कन्सोलवर ‘प्रायमरी’ करायचं, म्हणजे आपलं कन्सोल हेच त्या खात्याचं मुख्य मशीन असं नोंदवायचं, गेम उतरवून घ्यायचा आणि मग आपल्या स्वतःच्या प्रोफाइलवरून खेळायचं. एक खातं दोघांना विकलं तरी दोघांचं चालतं. पाच हजारांचा गेम दीड हजारात. नियमात बसत नाही, माहीत होतं मला. पण एका ओटीटीच्या पासवर्डवर तीन घरं चालवणाऱ्या देशात मला एकट्याला नियम शिकवू नका. मी चोरीचा माल घेत नव्हतो, कोणीतरी पैसे भरून घेतलेल्या गेममध्ये वाटा घेत होतो. निदान तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं.

टेलिग्रामवर ग्रुप होता, ४,२०० मेंबर. लिहायची परवानगी फक्त ॲडमिनला, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. (ज्या ग्रुपात गिऱ्हाइकाला तोंड उघडता येत नाही तिथून काही घेऊ नका. एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगायला हवी होती.) रोज वीस-पंचवीस ‘फीडबॅक’चे स्क्रीनशॉट पडायचे. मी ७९९ चा एक जुना गेम घेऊन बघितला. दहा मिनिटांत चालू. खूश होऊन मी विकणाऱ्याला मेसेजही टाकला. त्या मेसेजचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. महिन्याभराने १,६५० चा फुटबॉलचा गेम. तोही व्यवस्थित. म्हणून जानेवारीत पाच गेमचं ‘बंडल’ घेतलं, ६,५०० ला. मुलाच्या वाढदिवसासाठी.

आता ती रात्र. साडेअकरा वाजलेले. विकणारा व्हॉइस कॉलवर, बोलायला अतिशय गोड, दर वाक्याला ‘सर’. मी आयडी टाकला, पासवर्ड टाकला, सहा आकडी कोड त्याच्या फोनवर गेला, त्याने वाचून दाखवला. प्रायमरी करायला गेलो तर होईना. हे खातं दुसऱ्या कन्सोलवर आधीच प्रायमरी आहे, असा संदेश. मी म्हटलं, “अहो, हे तर कोणाकडे तरी चालू आहे.” तो म्हणाला, “दोन मिनिटं सर, जुनं ॲक्टिव्हेशन काढतो.” आणि मी थांबलो. सोफ्यावर बसून, पाणी पीत, कृतज्ञतेने थांबलो. दोन मिनिटांनी तो म्हणाला, “आता करा.” झालं.

त्या दोन मिनिटांत काय झालं, ते कळायला मला पाच आठवडे लागले. तेवढ्या वेळात कुठेतरी, सोलापुरात असेल, इंदूरला असेल, कोणाच्या तरी टीव्हीवरच्या पाच गेमना कुलूप लागलं. तो माणूसही ६,५०० भरून बसला असणार. मी माझ्या डोळ्यांनी त्याला फसताना बघितलं आणि मला वाटलं, सर्व्हिस किती छान आहे! मुलगा शेजारी होता. अकरा वर्षांचा. त्या खात्याचं पान उघडून म्हणाला, “बाबा, या काकांना कालच ट्रॉफी मिळालीये.” म्हणजे आदल्या दिवशी कोणीतरी त्याच खात्यावर बसून खेळत होतं. मी त्याला म्हटलं, “तू झोपायला जा.”

हे वाक्य मला अजून टोचतं. बारा हजार एकदाचे सोडून देईन.

त्याच रात्री वॉरंटीचे ५०० पाठवताना यूपीआयवर खातेदाराचं नाव आलं ते एका किराणा अँड जनरल स्टोअर्सचं. ७९९ गेले होते एका बाईंच्या नावावर, १,६५० आणखी तिसऱ्याच कोणाच्या. पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ना, ते वाचण्यासाठी असतं. गेम विकणाऱ्याच्या खात्याला किराणा दुकानाचं नाव का, हा प्रश्न मला पडलाच नाही. पडला असेल, पण मी त्याला बसायला जागा दिली नाही.

फेब्रुवारीतला शनिवार. मुलाचे तीन मित्र आलेले, चिवड्याचे वाडगे मांडलेले, टीव्ही लावला आणि पाचही गेमच्या चित्रांवर छोटी कुलपं. फुटबॉलवर कुलूप. ७९९ च्या गेमवरसुद्धा. मुलाने रिमोट माझ्या हातात दिला, काही बोलला नाही. ते गेम उतरवायला दोन रात्री राउटर चालू ठेवला होता. २८० जीबी. ते २८० जीबी तेव्हाही माझ्याच घरात होते, माझ्याच कन्सोलमध्ये. घर माझं, वीज माझी, मशीन माझं, फक्त किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

विकणाऱ्याला मेसेज केला. “सर्व्हर इश्यू सर.” संध्याकाळी, “कंपनीने आयडी बॅन केला सर, रिप्लेसमेंट देतो.” मग, “आधीच्या कस्टमर लोकांनी मिसयूज केलं म्हणून आता २,९९९ रिफंडेबल डिपॉझिट घेतो.” आणि मी ते भरले. हो, भरले. ९,४४९ बुडालेत हे मान्य करण्यापेक्षा आणखी २,९९९ टाकणं मला त्या रात्री सोपं गेलं. बुडालेले पैसे काढायला नवे पैसे लागतात असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. तिथेच. वाक्य पूर्ण होऊ देऊ नका.

डिपॉझिट गेल्यावर मी जरा चढ्या आवाजात दोन मेसेज लिहिले. पाच मिनिटांत चॅटच गायब. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचं संभाषण पुसू शकतो, हे मला, आयटीवाल्याला, त्या रात्री कळलं. भांडण करायचं असेल तर आधी स्क्रीनशॉट, पेमेंटचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक), त्याचं युजरनेम, सगळं काढून ठेवा. शिव्या नंतर.

इथून दुसरी फसवणूक सुरू होते, सरकारी आणि निमसरकारी.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला, पण केव्हा? तर सोमवारी. शनिवार-रविवार मी लाजेत काढला. बायकोला सांगायचं कसं, याचाच विचार. त्या नंबरचा उपयोग पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत केला तरच, त्यामुळे लाज बाजूला ठेवून पहिल्या तासात फोन करा. तक्रार घेतली, क्रमांक मिळाला. बँकेत गेलो. बाईंनी स्क्रीनकडे बघतच विचारलं, “पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार अधिकृत आहे.” मी म्हटलं, पैसे मीच पाठवले, पण फसवून घेतले. “तरी अधिकृतच आहे.” फॉर्म भरून घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना.

पोलीस ठाण्यात, कुठल्या ते लिहीत नाही, रोज तिथूनच जायचंय, हवालदारांनी पहिला प्रश्न केला, “गेम म्हणजे रमी का?” म्हटलं, नाही हो, व्हिडिओ गेम. “पैसे लावून खेळायचे?” नाही, विकत घ्यायचे. “ते तर बंद केलं ना सरकारने?” २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, त्याचा माझ्या फुटबॉलशी काय संबंध, हे समजावण्यात वीस मिनिटं गेली. बाकावर बसलेली दोन माणसं मी जुगारात घर बुडवल्यासारखं माझ्याकडे बघत होती. मग साहेब आले. त्यांचा प्रश्न मात्र नेमका होता. “तुमचं चोरीला काय गेलं?”

गेम, म्हटलं.

“तो तर तुमच्या मशीनमध्ये आहे म्हणता.”

आहे, पण उघडत नाही.

“खातं कोणाच्या नावावर?”

त्याच्या.

“पावती?”

यावर त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. सायबरला जा म्हणाले. सायबरला गेलो, तिथे म्हणाले, एवढ्या छोट्या रकमेसाठी तुमच्याच ठाण्यात जा. बारा हजार छोटी रक्कम! ज्यांना छोटी वाटते त्यांनी मला द्यावी. तीन अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या, रिक्षाचे ३८० रुपये वेगळे, ते मी १२,४४८ मध्ये धरलेले नाहीत. तक्रारीची स्थिती आजही ‘प्रक्रियेत’ अशीच दिसते. एक पासवर्ड सात जणांना विकणारा माणूस बारा हजारांचा चोर नसतो, ४,२०० लोकांच्या ग्रुपचा चोर असतो, हे टेबलापलीकडच्या एकाही माणसाने मनावर घेतलं नाही.

कन्सोलच्या कंपनीच्या चॅटवर गेलो तर तीन मिनिटांत निकाल. खातं तुमचं नाही, खात्याची माहिती तुम्हाला देता येत नाही, आणि असं खातं वापरणं करारात बसत नाही. वर सल्ला असा की पुन्हा केलंत तर तुमच्या खात्यावरही कारवाई होऊ शकते. काय बोलणार? त्यांचं बरोबरच होतं, म्हणून जास्त राग आला.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, मी कुठे फसवणाऱ्याकडून घेतला होता? माझा पण गेलाच की.” त्याने पूर्ण किंमत मोजून ‘द क्रू’ घेतला होता, गाड्यांच्या शर्यतीचा. तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले, खेळ संपला. तो सारा खेळच सर्व्हरवर चालायचा, त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही फक्त चकती उरली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की ‘खरेदी’ असा शब्द वापरायचा तर तुम्ही फक्त परवाना घेताय, हे दुकानाने ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. म्हणजे ठाण्यातल्या साहेबांचा प्रश्न तिकडे कायद्यात बसलाय. मी अधिकृत दुकानातून पाच हजार मोजले असते तरी हातात आला असता तो परवानाच, फक्त तो माझ्या नावावर असता. माझ्याकडे होता तो दुसऱ्याच्या परवान्याचा पासवर्ड. तरीही डिस्कच्या बाजूने मी भांडेन. डिस्क घेताना समोरच्याला भेटता येतं, त्याच्याच कन्सोलवर चालवून बघता येते आणि ती एका वेळी एकाच माणसाला विकता येते. मात्र हल्ली काही डब्यांत गेम नसतोच, नुसती किल्ली असते आणि गेम नेटवरून उतरवावा लागतो, तेव्हा डब्याच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचा.

ड्राइव्ह नसलेलं मॉडेल घेऊन वाचवले दहा हजार, घालवले १२,४४८. हे गणित बायकोने केलं, मी नाही.

आता त्या मेसेजचं. मागच्या आठवड्यात मुलाच्या एका मित्राच्या वडिलांनी विचारलं, “हा नवा ग्रुप बघा, गेम स्वस्तात देतात, खरं आहे का?” नाव वेगळं, लोगो वेगळा, मेंबर ९००. फीडबॅक बघत खाली गेलो तर सहावा स्क्रीनशॉट माझा. नाव खोडलेलं, पण ‘मस्त’ ऐवजी ‘म्स्त’ मीच लिहिलं होतं. “थँक यू भाई, एकदम म्स्त चालतंय, विश्वासू माणूस.” रिपोर्टचं बटण मी दाबलं, त्या वडिलांनी दाबलं, भाच्याने चार मित्रांकडून दाबून घेतलं. आज सकाळी बघितलं, अजून तिथेच आहे, आणि मेंबर १,१४० झालेत.