पाच नंबरचा फुटबॉल : काळ्या मातीच्या मैदानावर कोणता टिकतो

पोळ्याच्या सुमारास चिखल आणि दिवाळीनंतर भेगा. तालुक्याच्या कॉलेजात फुटबॉलचा हंगाम असा एकाच मैदानाच्या दोन रूपांवर खेळावा लागतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसून दगडासारखी होते. दुकानात हिरव्या लॉनचं चित्र छापलेल्या खोक्यातून येणारे बॉल या मातीसाठी बनलेलेच नसतात, त्यामुळे हा परीक्षणाचा हिशेब फक्त आपल्या मैदानापुरता.

बाजारात तीन जाती मिळतात : रबरी, हाताने शिवलेला पीयूचा (पॉलियुरेथेन, म्हणजे कृत्रिम चामडं) आणि उष्णतेने चिकटवलेला, म्हणजे थर्मोबाँडेड. रबरी साधारण पाचशे रुपयांच्या आतबाहेर, शिवलेला हजार-दीड हजारात, चिकटवलेला त्याहून बराच वर. आपला कौल शिवलेल्याला. कारण एकच, तो दुरुस्त होतो.

मैदानाच्या कडेला बाभूळ आणि गवतात सराटे, म्हणजे पंक्चर ठरलेलंच. शिवलेल्या बॉलचा ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, बहुतेक वेळा ब्युटाइल रबराचा असतो. साबणाच्या पाण्यात बुडबुडे कुठे येतात ते बघून खूण करायची, व्हॉल्व्हपासून लांबची एक शिवण सात-आठ टाके उसवायची, ब्लॅडरला सायकलच्या ट्यूबसारखा पॅच लावायचा आणि मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने दोन सुयांनी परत शिवायचं. चपला शिवणाऱ्या कारागिराला हे काम सांगावंही लागत नाही. काटा मात्र आधी शोधून काढा. तो अस्तरात तसाच राहिला तर नवा पॅच दुसऱ्या दिवशी परत फुटतो. थर्मोबाँडेड बॉल उघडताच येत नाही. हवा गेली की गेला. गवताच्या मैदानावर तो उत्तम, पाणी कमी पितो, उडतोही सरळ. पण सराट्यांच्या मैदानावर एवढे पैसे टाकणं म्हणजे उधळपट्टी.

रबरी बॉलची बाजूही ऐकून घ्या. खरवडणाऱ्या मुरमाड कडेवर तो सगळ्यात जास्त टिकतो, चिखलात जड होत नाही, ओल्या फडक्याने पुसला की झालं. दोष असा की कडक जमिनीवर तो फार उसळतो. पोट्टे महिनाभर त्यावर सराव करतात, मग सामन्यात शिवलेला बॉल समोर आला की पहिला स्पर्शच चुकतो. म्हणून सामन्याआधीचा आठवडा तरी शिवलेल्याच बॉलवर घालवा.

शिवलेल्याची खरी अडचण पाणी. टाक्यांतून ते आत शिरतं, अस्तर भिजतं, वरून काळा गाळ चिकटतो आणि बॉल हेडिंगला अंगावर येतो. त्याला नळाखाली धरू नका. गाळ वाळायच्या आत ओल्या कापडाने काढा, सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवला तर पीयूचा थर पापडासारखा सुटतो. रेषा कळीच्या चुन्याने आखल्या असतील तर ओला चुना टाक्यांत बसतो. तो बॉललाही वाईट आणि डोळ्यांत गेला तर माणसालाही. खडूची भुकटी वापरलेली बरी.

दुकानातच तपासून घ्या, त्यात लाजायचं कारण नाही. नियमाप्रमाणे ५ नंबरच्या बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. शिंप्याची टेप आणि किराण्याचा काटा पुरतो. घेर दोन दिशांनी मोजा. फरक दिसला तर बॉल अंडाकृती आहे. हवेत गरगर फेका, डगमगला तर व्हॉल्व्हची बाजू जड. मग हवा भरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या मीटरवर, बघायचा, म्हणून परत करण्याची बोली आधीच करून ठेवा. ४ नंबरचा बॉल गळ्यात मारू देऊ नका, मुलींच्या संघालाही ५ नंबरच लागतो.

बॉल लवकर मरतात त्यामागे कंपनीपेक्षा हवेचा गोंधळ जास्त असतो. नियमात दाब ८.५ ते १५.६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हवेच्या दाबाचं माप) आहे. आपल्याकडे अंगठ्याने दाबून अंदाज घेतात आणि तिथेच फसतात. पीयूखाली फोम असतो, योग्य दाबालाही तो मऊच लागतो. मग कोणीतरी अजून चार झटके मारतो आणि टाके ताणतात. रबरी बॉल उलट कमी हवेतच टणक वाटतो. चिखलाच्या दिवसांत १० ते ११ ठेवा, कडक मैदानावर ८.५ ते ९ पुरे, उसळी आटोक्यात राहते.

थंडीत आणखी एक गंमत होते. दुपारी ३२ अंशांवर १० भरलेला बॉल डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर साडेआठच्या खाली उतरतो. बॉल गळत नाही, आतली हवा आकसते. पंक्चर समजून ब्लॅडर उसवू नका; खेळायच्या अर्धा तास आधी मैदानावरच गेज लावा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरला तर बॉल दाखवूही नका, तिथली हवा मोटरसायकलच्या टायरसाठी असते आणि शिवण क्षणात जाते. पंपाची पिन घालण्याआधी ग्लिसरीनचा थेंब लावा. कोरडी पिन व्हॉल्व्ह फाडते, आणि फाटलेला व्हॉल्व्ह पॅचने बरा होत नाही, ब्लॅडरच बदलावा लागतो.

वीस जणांच्या संघाला दहा बॉल, दोघांत एक. त्यांत सहा रबरी, चार शिवलेले. शिवलेल्यांपैकी दोन फक्त सामन्याला आणि शेवटच्या आठवड्याला. सोबत एक गेज, दोन पंप आणि डझनभर पिना, कारण पिना मोडतात आणि हरवतातही. गेजला पैसे नाहीत असं म्हणणारी समिती तेवढ्याच पैशांत दर महिन्याला ब्लॅडर घेत असते.

हंगाम संपला की बॉल फुगलेले ठेवू नका. ३-४ पीएसआय एवढीच हवा राहू द्या, म्हणजे आकार टिकतो आणि टाक्यांवर ताणही येत नाही. टिनाच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये भट्टी होते, तेव्हा बॉलची जाळी खाली, भिंतीच्या सावलीकडच्या कोपऱ्यात ठेवा. उंदरांचं तेवढं बघा.