जड काठवटींसाठी घेतलेला १६ इंची लेथ : पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात घेतलेल्या या लेथचा स्पीड ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारा विद्युत भाग, ऐन गणपतीत बंद पडला आणि सेवाकेंद्राने वॉरंटी नाकारली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ड्राइव्हमध्ये लाकडाचा भुसा गेला, एवढेच कारण देण्यात आले. लाकूड कातायच्या यंत्रावर भुसा उडणारच. तो जिथे सर्वांत जास्त साचतो तिथेच, म्हणजे हेडस्टॉकच्या (लाकूड धरून फिरवणाऱ्या भागाच्या) खाली, ड्राइव्हचा जाळीचा उघडा डबा कंपनीने स्वतः बसवला आहे. दोष रचनेचा आहे आणि तो ग्राहकाच्या माथी मारला जात आहे.

ओल्या लाकडात हा दोष अधिकच भोवतो. आंब्याचा ४०० मिलिमीटर व्यासाचा आणि १५० मिलिमीटर जाडीचा ताजा ठोकळा सतरा-अठरा किलो सहज भरतो. गाऊज (कातायची खोलगट पटाशी) टेकवला की ओल्या, लांब ढलप्या सुटतात, फिरत्या काठावरून चिकाचे शिंतोडे उडतात आणि थोड्याच वेळात डब्याच्या जाळीवर लगद्याचा थर बसतो. मग आतल्या पंख्याला हवा मिळत नाही, ड्राइव्ह तापतो आणि काम अर्ध्यावर असताना ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो.

यंत्र घेताना मला हा ड्राइव्ह मुळात अनावश्यक खर्च वाटत होता. सावंतवाडीच्या लाखेच्या खेळण्यांसारख्या लहान कातकामाला पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकला तरी भागते, तर आपल्यालाही तेवढे पुरेल, असा माझा हिशेब होता. मोठ्या ठोकळ्यांवर काम केल्यानंतर हे मत बदलले. व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले असता उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावे, हा कातणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. त्यानुसार १६ इंचांना साधारण ३७५ ते ५६० फेरे येतात. पण ओबडधोबड ठोकळ्याचा तोल एका बाजूला असतो, त्यामुळे सुरुवात त्याहून बरीच खालून करावी लागते. माझ्याकडे ३०० फेऱ्यांच्या आसपास स्टँड जमिनीवर सरकू लागते, आणि गोलाई आल्यावर ड्राइव्हचे वेगाचे बटण जरासे पुढे नेले की तीच थरथर शमते. असा नेमका वेग पुलीच्या ठरावीक टप्प्यांत सापडत नाही. मात्र फक्त बटणावर वेग उतरवून जड काप घेऊ नये, कारण मोटरचा स्वतःचा पंखाही तेव्हा मंदावतो. पट्टा कमी वेगाच्या पुलीवर ठेवला म्हणजे जोर मिळतो आणि मोटरही तापत नाही.

बाकी यंत्राबद्दल तक्रार नाही. स्पिंडल (फिरता दांडा) भक्कम आहे, बेड (खालचा लांब पाया) सरळ आहे, आणि वजन वाढवण्यासाठी महागडे स्टँड न घेता खालच्या फळीवर वाळूची पोती रचली तरी काम भागते.

नव्या ड्राइव्हची किंमत सेवाकेंद्राने मोटरपेक्षा जास्त सांगितली. गावातल्या मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराने जुनाच साफ करून, एक जळालेला भाग बदलून, फार थोड्या पैशांत चालू करून दिला आणि डबा भिंतीवर, ढलप्यांच्या माऱ्याबाहेर बसवला. तेव्हापासून फणसाच्या दोन मोठ्या काठवटी पोखरून झाल्या. वाळताना लाकूड लंबगोल होते, ते नंतर पुन्हा कातून गोल करता यावे म्हणून काठाची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ४० मिलिमीटर, ठेवली आहे. ड्राइव्ह एकदाही ट्रिप झालेला नाही. हा लेथ घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात : डबा भिंतीवर बसवण्याइतकी लांब केबल, आणि भुशामुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरला जाईल याची हमी.